महागड्या ४के डिस्कनं चित्र आणि आवाज खरंच सुधारतो का?

चित्रवेडा_सातारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

भाचा पुढच्या महिन्यात म्युनिकहून येतोय. "मामा, काय आणू?" असं त्यानं विचारल्यापासून माझ्या डोक्यात ४के ब्ल्यू-रे डिस्क घोळतायत. आपल्याकडे दुकानात जाऊन डिस्क घेणं जवळजवळ संपलंच. मोझर बेअर कंपनीनं २००७ साली २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली होती, ते दिवस गेले. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे दुकान २०१६मध्ये बंद झालं. आता चांगली डिस्क हवी तर ती परदेशातून येणार, आणि एकेका सिनेमाला अडीच-तीन हजार रुपये पडणार.

माझ्याकडे ५५ इंची ४के टीव्ही आहे, सोफा साडेनऊ फुटांवर, आणि एक मध्यम किमतीचा साउंडबार. तोच सिनेमा ओटीटीवर लावला की तिथंही '४के, डॉल्बी व्हिजन (चित्राचं तंत्र), अॅटमॉस (आवाजाचं)' अशी पाटी असतेच. मग डिस्कमध्ये जास्तीचं काय मिळतं?

जे वाचलंय, मित्रांकडे जे पाहिलंय, त्यावरून माझं मत असं झालंय की फरक नक्की आहे, पण तो प्रत्येक डिस्कमागे वेगळा आहे आणि वेष्टनावरच्या शब्दांवरून तो कळत नाही. कधी डोळे दिपावेत इतका, तर कधी शून्य. ज्यांनी एकच सिनेमा दोन-तीन आवृत्त्यांत समोरासमोर लावून पाहिलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. एका सिनेमाच्या पैशात महिनाभराचं किराणा सामान येतं, तेव्हा विचार करूनच घ्यायचंय.

---

रंगरेषा

मी अंधेरीत पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये कलर ग्रेडिंग करते, त्यामुळे हा रोजचाच विषय. तुमच्या मताशी सहमत आहे. थोडं खोलात जाते.

डिस्कवर काय आहे हे दोन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे मास्टर: मूळ फिल्म किंवा डिजिटल फाइल कोणत्या प्रतीवरून, कधी आणि किती काळजीनं तयार केली. दुसरी म्हणजे तो मास्टर डिस्कवर बसवताना किती आवळला. जाहिरात नेहमी दुसऱ्या गोष्टीची होते, कारण तिथं आकडे सांगता येतात. डीव्हीडीवर चित्राला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळायचे, ब्ल्यू-रेवर ४०. १०० जीबीच्या ४के डिस्कवर चित्र आणि आवाज मिळून १२८ पर्यंत जाता येतं. ओटीटीच्या ४केला १५ मेगाबिटचं इंटरनेट पुरेसं आहे असं नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं.

हे आकडे खरे आहेत आणि त्यांचा परिणामही दिसतो, पण सगळीकडे नाही. दोन माणसं खोलीत बसून बोलतायत अशा दृश्यात ओटीटी आणि डिस्क यांत फरक सांगणं मलाही अवघड जातं. धूर, पाऊस, समुद्र, पाचोळा, मशालींच्या उजेडातली गर्दी, मावळतीचं आकाश इथं मात्र ओटीटीचा प्रवाह अपुरा पडतो. आकाशात रंगाचे पट्टे दिसायला लागतात, अंधाऱ्या कोपऱ्यात चौकोनी ठोकळे हलतात. डिस्कचा पैसा तिथं वसूल होतो.

आता मास्टरचं. याला 'द फिफ्थ एलिमेंट'इतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. २००१मध्ये कोलंबिया ट्रायस्टारनं 'सुपरबिट' नावाची महागडी डीव्हीडी मालिका काढली. कल्पना अशी की मुलाखती, पडद्यामागच्या गमती, हलते मेनू सगळं काढून टाकायचं आणि सगळी जागा चित्राला आणि आवाजाला द्यायची. 'फिफ्थ एलिमेंट' त्या पहिल्या संचातला. पुढे २००६मध्ये ब्ल्यू-रे आली तेव्हा हाच सिनेमा अगदी सुरुवातीच्या डिस्कांमध्ये निघाला, आणि चित्र इतकं मऊ, डागाळलेलं होतं की लोक वैतागले. सोनीनं २००७मध्ये नव्यानं मास्टर केलेली डिस्क काढली आणि जुनी बदलून देण्याची सोय केली. दोन्ही डिस्का ब्ल्यू-रेच, दोन्हींवर सिनेमा तोच, फक्त मास्टर बदलला आणि सगळं बदललं. २०१७मध्ये याची ४के आवृत्ती आली, ती तर फारच देखणी आहे.

म्हणून कोणी विचारलं की "ब्ल्यू-रे चांगली की ४के चांगली?" तर मी आधी विचारते, कुठल्या सिनेमाची आणि कुठल्या सालची.

---

शनिवारपेठी

सुपरबिटची आठवण काढलीत म्हणून लिहितो. माझ्याकडे त्यातल्या काही डीव्हीडी आहेत. त्या काळी २९ इंची ट्यूबवाल्या टीव्हीवर साधी डीव्हीडी आणि सुपरबिट आलटून पालटून लावल्या, घरच्यांना न सांगता दाखवल्या, कोणालाही फरक सांगता आला नाही. प्रोजेक्टरवर थोडा दिसला: मागच्या झाडीत, केसांत, पावसाच्या धारांत. मालिका काही वर्षांत बंद पडली, त्याचं मला नवल वाटलं नाही.

माझा आक्षेप गंभीर आहे. दर सात-आठ वर्षांनी तोच सिनेमा आपल्याला पुन्हा विकला जातो. व्हीसीडी झाली, डीव्हीडी झाली, 'स्पेशल एडिशन' झाली, ब्ल्यू-रे, मग 'मास्टर्ड इन ४के' असं छापलेली साधीच ब्ल्यू-रे, मग खरी ४के. प्रत्येक वेळी आधीचं सगळं टाकाऊ होतं असं सांगितलं जातं. सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात त्यातलं किती पोहोचतं याचा हिशोब कोणीतरी मांडायला हवा.

---

कोनमापक

हिशोब मांडतो, काका. फार गुंतागुंतीचा नाही.

निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातले दोन बिंदू वेगळे दिसतात. एक मीटर अंतरावर हे सुमारे ०.२९ मिलिमीटर होतं. ५५ इंची टीव्हीची रुंदी १२२ सेंटिमीटर. फुल एचडीमध्ये तिच्यावर आडवे १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा. तो डोळ्याला वेगळा दिसणं सुमारे ७ फुटांपलीकडे थांबतं. ४केचा ठिपका याच्या निम्मा, त्यामुळे त्याचा पूर्ण फायदा घ्यायला साडेतीन फुटांवर बसावं लागेल.

धागाकर्ते साडेनऊ फुटांवर बसतात. तिथून फुल एचडीचेच ठिपके संपलेले आहेत. ठिपक्यांची संख्या चौपट झाली याचा त्यांना जवळजवळ काही उपयोग नाही. पण डीव्हीडीचा ठिपका त्याच टीव्हीवर दीड मिलिमीटरच्या वर जातो, तो साडेनऊ फुटांवरून नक्की कळतो. म्हणजे डीव्हीडीतून ब्ल्यू-रेत जाणं ही मोठी उडी, आणि ब्ल्यू-रेतून ४केत जाणं, फक्त बारकाव्यापुरतं बोलायचं तर, लहान.

शनिवारपेठींनी ट्यूबच्या टीव्हीवर फरक दिसला नाही म्हटलं, ते या हिशोबात बरोबर बसतं.

---

रंगरेषा

कोनमापक, हिशोब अगदी बरोबर. पण ४के डिस्कमधली मोठी गोष्ट ठिपके नाहीतच, ती आहे एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यातला मोठा पल्ला.

जुन्या पद्धतीत आम्ही चित्र १०० निट (निट हे उजेडाचं माप) उजेडाच्या पडद्यासाठी तयार करायचो, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. एचडीआरमध्ये पायऱ्या १०२४, आणि मास्टर बहुतेक वेळा १००० निटच्या मॉनिटरवर बनतो, काही ४०००च्या. समईच्या ज्योतीचा गाभा पांढराफटक न होता पिवळाच राहतो, आणि मागच्या भिंतीवरचा अंधारही तसाच गडद राहतो. हे साडेनऊ फुटांवरूनच काय, स्वयंपाकघराच्या दारातूनही दिसतं.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' हा सिनेमा मुळात २के मध्येच (आडवे ठिपके ४केच्या निम्मे) पूर्ण झाला होता, त्यामुळे त्याची ४के डिस्क ही मोठी करून घेतलेली प्रत आहे. नियमानं पाहिलं तर फायदा नसायला हवा. तरी वाळूचं वादळ आणि रात्रीचा निळा उजेड साध्या ब्ल्यू-रेशेजारी लावून पाहा, एचडीआरनं काय होतं ते कळेल. उलट २०००च्या दशकातले असे कितीतरी सिनेमे आहेत जे २केमध्येच संपवलेत आणि त्यांचं एचडीआरही घाईघाईत उरकलंय. त्यांच्या ४के डिस्कवर पैसे घालवू नका.

दोन अडचणी मात्र सांगायला हव्यात. पहिली, ओटीटीवरही बऱ्याचदा हेच एचडीआर ग्रेडिंग असतं, त्यामुळे एचडीआरसाठी डिस्कच हवी असं नाही. दुसरी, स्वस्त टीव्हीवर एचडीआरची फक्त पाटी असते. तीनशे निटचा टीव्ही हजार निटचं चित्र दाखवायला जातो तेव्हा ते साध्यापेक्षाही काळवंडलेलं दिसतं. अशा टीव्हीवर चांगली साधी ब्ल्यू-रे जास्त सुंदर दिसेल.

---

सूरसंगत

सगळे चित्रावर बोलताय, मी आवाजावर लिहितो. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आयुष्य गेलं. माझ्या मते डिस्कचा सर्वांत निःशंक फायदा आवाजात आहे.

डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त ४४८ किलोबिटचं. ओटीटीवरचं अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं, नेटफ्लिक्सवर ७६८ किलोबिटपर्यंत. ब्ल्यू-रे आणि ४के डिस्कवर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, म्हणजे मिक्सिंगच्या टेबलावरून जे निघालं ते एकही बिट न गाळता. स्फोट आणि हेलिकॉप्टर तर कोणीही ऐकेल. मी ऐकतो ते शांत प्रसंग: खोलीचा स्वतःचा गुंजारव, संवाद संपल्यावर विरत जाणारा तानपुरा, पायाखालची वाळू. दाबलेल्या आवाजात पहिल्यांदा हेच जातं.

एक गोष्ट गाण्याच्या माणसांसाठी. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. युरोपातल्या आणि आपल्या पाल पद्धतीत २५. म्हणून पाल डीव्हीडीवर सिनेमा सरळ ४ टक्के वेगानं पळवला जायचा. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपायचा. तेवढ्यानं सूर, पेटीच्या भाषेत, अर्ध्या सुराच्या पायरीचा सत्तर टक्के भाग वर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जातं. गायकाचा गळा पातळ वाटायला लागतो. काही डीव्हीडींवर हा सूर दुरुस्त करून दिलेला असे, बऱ्याचवर नसे. ब्ल्यू-रे आणि ४के डिस्कवर सिनेमा मूळच्या २४ चौकटींनी चालतो, त्यामुळे सूर जागेवर असतो. संगीतप्रधान चित्रपटासाठी एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

धागाकर्त्यांसाठी महत्त्वाचं: तुमचा साउंडबार टीव्हीला कसा जोडलाय? साधं एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेतून साउंडबारकडे नेणारी सोय) असेल तर ट्रूएचडी त्यातून जातच नाही. प्लेअर निमूटपणे साधं डॉल्बी डिजिटल पाठवतो, आणि तुम्ही तीन हजारांची डिस्क लावून ओटीटीइतकाच किंवा त्याहून कमी आवाज ऐकता. त्याची सुधारित आवृत्ती ईएआरसी हवी, नाहीतर प्लेअरची एचडीएमआय तार थेट साउंडबारमध्ये घाला, तशी जागा असेल तर. काही टीव्ही डीटीएस पुढे जाऊच देत नाहीत, तेही तपासा. प्लेअरच्या मेनूत आवाज 'बिटस्ट्रीम' ठेवा आणि 'सेकंडरी ऑडिओ' बंद करा. ही दोन बटणं न बघता लोक सांगतात की फरक पडत नाही.

---

चित्रवेडा_सातारा

सूरसंगतजी, आत्ताच टीव्हीच्या मागे जाऊन पाहिलं. टीव्हीवर ईएआरसी लिहिलंय, साउंडबारवर नुसतं एआरसी. पण साउंडबारला एक एचडीएमआय इन आहे, म्हणजे मार्ग आहे. फार उपयोगी माहिती, मनापासून आभार.

---

उत्तरा_लंडन

मी एक ठोस डिस्क सुचवते, कारण आपल्या माणसांसाठी याहून चांगली कसोटी नाही: 'गांधी'. सोनीनं २०२०मध्ये 'कोलंबिया क्लासिक्स' नावाचा सहा चित्रपटांचा ४के संच काढला. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' त्यात होता आणि 'गांधी'सुद्धा.

मी हा चित्रपट आधी दूरदर्शनवर, मग डीव्हीडीवर, मग ब्ल्यू-रेवर पाहिलेला. ४केवर लावला तेव्हा माझं सगळं लक्ष कपड्यांवर गेलं. या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैय्यांना जॉन मोलोंबरोबर ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं. आता डिस्कवर दिसतं की ते का मिळालं. हातमागाच्या खादीचा खरबरीत, असमान धागा आणि साहेबांच्या गिरणीतल्या सुटाची गुळगुळीत वीण शेजारीशेजारी उभ्या आहेत. रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा वयानं वाढते तसं तिचं लुगडंही विरत जातं. श्रीराम लागूंचे गोखले बोलतात तेव्हा त्यांच्या उपरण्याची किनार वाचता येते. डीव्हीडीवर हे सगळे नुसते पांढरे कपडे होते. अथैय्यांनी ज्या गोष्टीसाठी जीव ओतला ती गोष्टच तिथं पोहोचत नव्हती.

अंत्ययात्रेचं दृश्य ३१ जानेवारी १९८१ला दिल्लीत चित्रित झालं, तीन लाखांहून जास्त माणसं. रंगरेषाताईंनी गर्दीचं म्हटलंय तेच. ओटीटीवर मागची गर्दी कालवल्यासारखी होते. डिस्कवर दूरवरचा माणूस माणूसच राहतो, प्रत्येकाची मान वेगळ्या दिशेला वळलेली दिसते.

कोनमापकांच्या हिशोबाला मी नाकारत नाही, पण मी प्रोजेक्टरवर पाहते, पडदा १०० इंची आहे. तिथं ठिपक्यांचाही फरक दिसतो.

---

शनिवारपेठी

उत्तराताई, हे वाचून मीही एकदा बघेन म्हणतो. पण 'गांधी' ही ३५ मिलिमीटर फिल्मवर उत्तम छायाचित्रकारांनी टिपलेली, जपून ठेवलेली कलाकृती. तिची डिस्क सुंदर असणारच. 'लॉरेन्स' तर ६५ मिलिमीटरवर चित्रित झालेला, ८केमध्ये स्कॅन केलेला. माझा प्रश्न बाकीच्या शंभरांचा आहे. मला ४के डिस्कवर जुन्या सिनेमात सगळीकडे वाळू सांडल्यासारखे दाणे दिसतात. तीन हजार देऊन दाणे का बघायचे?

---

रंगरेषा

काका, ते दाणे म्हणजेच फिल्म आहे. काळ्या-पांढऱ्या फिल्मचं चित्र चांदीच्या कणांनीच बनलेलं असतं, रंगीत फिल्मचं त्या कणांभोवती तयार झालेल्या रंगाच्या ठिपक्यांनी. दाणे पुसले की त्यांच्याबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, भुवयांचे केस, कापडाचं पोत सगळं पुसलं जातं. हा माझ्या जिवाचा विषय आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

'प्रेडेटर'ची २०१०ची ब्ल्यू-रे पाहा. आधीच्या डिस्कवर दाणे फार दिसतात म्हणून नव्या आवृत्तीत ते यंत्रानं इतके घासले की जंगलात घाम गाळणारे सैनिक मेणाचे पुतळे वाटतात. विकत घेणारे संतापले, आणि आजही ती डिस्क काय करू नये याचं उदाहरण म्हणून दाखवली जाते. 'ग्लॅडिएटर'ची २००९ची ब्ल्यू-रे त्याहून विलक्षण. ओरखडे काढणाऱ्या सॉफ्टवेअरला सुरुवातीच्या लढाईतले जळते बाण म्हणजे फिल्मवरचे डाग वाटले आणि त्यानं उडते बाणच गायब केले. पुढच्या वर्षी नवीन मास्टर करून डिस्क पुन्हा काढावी लागली.

हे जुनं झालं असं समजू नका. २०२४मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या 'एलियन्स', 'द अॅबिस' आणि 'ट्रू लाइज'च्या ४के डिस्का आल्या. लोक वर्षानुवर्षं त्यांची वाट पाहत होते. त्यात दाणे काढून, वर मशीन लर्निंगनं धारदारपणा चढवलाय. काहींना ते आवडलं, दिग्दर्शकाची संमतीही आहे. मला 'ट्रू लाइज'मधले चेहरे बघवत नाहीत. कातडीला छिद्रंच नाहीत, आणि मागच्या फोटोफ्रेममधल्या माणसाला यंत्रानं मनानंच डोळे काढून दिल्यासारखे वाटतात. ही महागडी, अधिकृत, १०० टक्के 'प्रीमियम' आवृत्ती आहे, आणि माझ्या लेखी आधीच्या डीव्हीडीपेक्षा तिच्यात मूळ चित्रपट कमी आहे.

घरच्या टीव्हीतही हाच रोग असतो. 'नॉइज रिडक्शन', 'शार्पनेस', 'मोशन स्मूदनिंग' हे सगळं चालू ठेवून डिस्क लावली की आम्ही वाचवलेले दाणे तुमचा टीव्ही पुसतो आणि सिनेमा मालिकेसारखा सरकायला लागतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, म्हणजे हे सगळं एकाच बटणात बंद होतं.

---

जुनीरिळे

रंगरेषा, दाण्यांबद्दल लिहिलंत ते छापून भिंतीवर लावावं असं आहे. पण मला धागा थोडा घराकडे वळवायचाय.

आपण परदेशी सिनेमांच्या पाचव्या-सहाव्या आवृत्तीची तुलना करतोय. मराठी चित्रपटांना एक धड आवृत्ती मिळालेली नाही. एका डीव्हीडीवर तीन चित्रपट असलेले संच आपण सगळ्यांनी घेतलेत. डीव्हीडीची दोन थरांची क्षमता ८.५ जीबी. साडेसहा तासांचा मजकूर त्यात कोंबला तर सेकंदाला तीन मेगाबिटसुद्धा वाट्याला येत नाहीत. वर कोपऱ्यात कंपनीचा शिक्का सिनेमाभर. बरेचदा मूळ निगेटिव्ह सोडाच, थिएटरांतून फिरून झिजलेल्या प्रतीवरून टेप आणि टेपवरून डिस्क झालेली. काळ्या-पांढऱ्या चित्रपटात नायिकेच्या चेहऱ्यावर नाक आहे की नाही हे कळू नये अशी अवस्था. नव्या पिढीला वाटतं, जुने मराठी चित्रपट असेच दिसायचे. असे ते मुळीच दिसत नव्हते. प्रभातचं छायांकन त्या काळातल्या जगातल्या कोणत्याही स्टुडिओशेजारी ठेवावं असं होतं. 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरवला गेला तो चित्र धुरकट असताना नाही.

आणि मूळ साहित्य कुठे आहे? २००३च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे प्रभातच्याच जागेत, कोठाराला आग लागून नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. प्रभातची रिळंही त्यात गेली. जे गेलं ते कोणतीही ४के डिस्क परत आणू शकत नाही.

पण जळलेल्यातूनही किती वाचवता येतं हे 'पथेर पांचाली'नं दाखवलंय. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबच्या आगीत होरपळल्या. त्या वितळलेल्या, ठिसूळ पट्ट्या अॅकॅडमीच्या संग्रहानं टाकून दिल्या नाहीत. पुढे क्रायटेरियन ही डिस्क काढणारी कंपनी आणि अॅकॅडमी फिल्म आर्काइव्ह (ऑस्कर देणाऱ्या अॅकॅडमीचा चित्रपटसंग्रह) यांनी त्या बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोवाता प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथं त्यांना ओलावा देऊन मऊ केलं, छिद्रं हातानं दुरुस्त केली, आणि जितका भाग वाचला तो ४केमध्ये स्कॅन केला. उरलेला इतर चांगल्या प्रतींवरून घेतला. २०१५मध्ये ते पूर्ण झालं. काशफुलांच्या शेतातून अपू आणि दुर्गा रेल्वे बघायला धावतात तो प्रसंग त्या ब्ल्यू-रेवर पाहा. ती साधी ब्ल्यू-रे आहे, आवाज मोनो आहे, एचडीआर नाही, आणि तरी माझ्याकडच्या सगळ्या डिस्कांत मी तिला वरचा मान देतो.

'मंथन'चंही तसंच. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो दुरुस्त केला, २०२४ला कान महोत्सवात दाखवला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, छायांकन गोविंद निहलानींचं, आणि दुरुस्तीच्या वेळी निहलानी स्वतः लक्ष घालत होते. स्मिता पाटीलच्या चेहऱ्याचा खरा रंग त्यात परत आलाय. मला असं काम 'सामना'चं, 'जैत रे जैत'चं, 'उंबरठा'चं झालेलं आणि विकत मिळालेलं बघायचंय. ज्या दिवशी ती डिस्क निघेल त्या दिवशी मी पाच घेईन, चार वाटायला.

---

कोनमापक

+१ जुनीरिळे. दोन घेणार.

---

उत्तरा_लंडन

+१. इथल्या महाराष्ट्र मंडळातले कितीतरी जण घेतील. परदेशातल्या मराठी माणसांकडे चांगले टीव्ही आहेत, पैसे आहेत, आणि लावायला मराठी चित्रपटाची एकही चांगली प्रत नाही. हक्क कोणाकडे आहेत, निगेटिव्ह कोणत्या अवस्थेत आहेत, याची यादी करण्यापासून सुरुवात करता येईल. जुनीरिळे, तुम्ही वेगळा धागा काढा, मी तिथं मदत करेन.

---

सूरसंगत

त्या धाग्यावर मीही आहे. 'जैत रे जैत'ची मूळ ध्वनिफीत कोणाकडे सापडली तर तिच्यासाठी पुण्यात येऊन बसायची माझी तयारी आहे.

---

चित्रवेडा_सातारा

सगळ्यांचे आभार. एवढं नेमकं लिहाल असं वाटलं नव्हतं. माझ्यापुरतं ठरलं ते असं.

नवीन, २केमध्ये संपवलेले, ओटीटीवर चांगल्या एचडीआरमध्ये मिळणारे सिनेमे डिस्कवर घेणार नाही. फिल्मवर चित्रित झालेले, मूळ निगेटिव्हवरून नव्यानं स्कॅन केलेले, गर्दी-निसर्ग-संगीत असलेले मोजके घेणार. भाच्याला 'गांधी' आणि 'लॉरेन्स' सांगतो. 'पथेर पांचाली'ही हवीच. घेण्याआधी प्रत्येक डिस्कचं साल आणि मास्टर बघणार.

शेवटचा प्रश्न: वेगळा प्लेअर घ्यावा की भाच्याचा जुना पीएस५ चालेल? आणि जर्मनीतली डिस्क इथं चालते ना?

---

रंगरेषा

पीएस५ डिस्क ड्राइव्हवाला असेल तर ४के डिस्क लागते, आवाजही पूर्ण मिळतो. डॉल्बी व्हिजन मिळणार नाही, साधं एचडीआर१० मिळेल. तुमच्या टीव्हीवर तेवढ्यासाठी वेगळा प्लेअर घ्यावा असं मला वाटत नाही.

४के डिस्कला प्रदेशाची अट नसते, म्युनिकची डिस्क साताऱ्यात चालेल. साध्या ब्ल्यू-रेला मात्र असते. भारत सी प्रदेशात, युरोप बी, अमेरिका ए. भाच्याचा पीएस५ जर्मनीतला असेल तर तो बी प्रदेशाच्या ब्ल्यू-रे घेईल, म्हणून 'पथेर पांचाली'ची ब्रिटनमध्ये निघालेली आवृत्ती मागवा, अमेरिकेतली नको. जर्मन आवृत्ती घेताना मूळ इंग्रजी आवाज पूर्ण दर्जाचा आहे ना, तेही मागच्या बाजूला वाचायला सांगा. कधी कधी जर्मन डबिंगला अॅटमॉस आणि इंग्रजीला साधा ट्रॅक असं असतं.

'गांधी' आला की साउंडबारची तार बदलूनच लावा, आणि कसा दिसला ते इथंच लिहा.